वाटेवरची ओळख



आषाढीच्या वाटेवर ज्याच्या पायांवर आपण डोके ठेवतो, आणि जो लगेच वाकून आपल्याही पायांना हात लावतो, तो माणूस दोन महिन्यांनी आपल्या सांगोल्याच्या आठवडे बाजारात समोर आला तर आपण त्याला ओळखू का? वाटेवर तो माउली होता. बाजारात तो डाळिंबाचे क्रेट उतरवणारा हमाल असतो, खिलारी खोंडाचा कासरा धरून गिऱ्हाइकाची वाट पाहणारा धनगर असतो, नाहीतर अडतीवर पट्टी लिहिणारा दिवाणजी असतो. चेहरा तोच, आवाज तोच. पण गळ्यातला टाळ गेला, कपाळावरचा बुक्का गेला, भोवतालची माणसे बदलली. तेवढ्यावर आपली नजर त्याला उचलून दुसऱ्याच खणात ठेवते.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती किरकोळ नाही. वारीत भेदाभेद उरत नाही असे आपण सांगतो, आपले महाराज सांगतात, वर्तमानपत्रेही आषाढात सांगतात. ते खोटे नाही. पण ते कुठपर्यंत खरे आहे, आणि वाट संपल्यावर त्यातले किती आपल्या आठवणीत शिल्लक राहते, हे पाहायला हवे. त्यासाठी एक जुना ललित लेख आणि आपल्या पंचक्रोशीतल्या दोन जुन्या कथा आपण पुन्हा वाचू. सांगोल्याच्या एका अंगाला पंढरपूर, दुसऱ्या अंगाला मंगळवेढे. या कथा आपल्या उंबऱ्याजवळच्या आहेत, आणि बहुधा त्यामुळेच आपण त्या नीट ऐकलेल्या नसतात.

लेख इरावतीबाई कर्व्यांचा, नाव ‘वाटचाल’. ‘परिपूर्ती’ हा त्यांचा संग्रह १९४९ चा, त्यात तो आहे. बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवीत, माणसांचे गट कसे बनतात आणि कसे टिकतात हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर त्या चालल्या. ज्या प्रदेशातली माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना वाटेत सापडलेली व्याख्या सर्वांना ठाऊक आहे. भाषणांत ती इतक्या वेळा येते की लेख न वाचलेल्यांनाही ती पाठ असते. माझ्या मते या व्याख्येने लेखाचे थोडे नुकसानच केले. तिच्या उजेडात लेखातला दुसरा प्रसंग झाकला गेला, आणि लेखाचा जीव त्या प्रसंगात आहे.

त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. चालणे एकत्र, भजन एकत्र, चिखल आणि पाऊस एकत्र. चुली मात्र वेगळ्या, पंगती वेगळ्या. सगळी माणसे आंघोळ करून स्वच्छतेने जेवणारी, मग हा वेगळेपणा कशाला, ही रुखरुख बाईंच्या मनाला लागून राहिली. मग त्या मराठा बायकांच्या पंगतीला जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या. जवळ येऊन चालू लागल्या, हात धरू लागल्या, घरची सुखदुःखे सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. वाट संपत आली तेव्हा काहीजणींनी सांगितले की पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ. आणि त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले की आता जशा वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल का.

या प्रश्नापाशी जरा थांबा. मुलीला ताईंच्या चांगुलपणाची शंका नव्हती, तो तिने डोळ्यांनी पाहिला होता. तिला शंका होती ती जागेची. वाटेवर दोघींच्या पायांना सारखाच चिखल, दोघींना सारखीच तहान. पुण्याच्या घराला दार असणार, दाराशी कुणीतरी कोण आलंय म्हणून विचारणार, आत पाहुणे बसलेले असणार. त्या दारात उभी राहिलेली ती ‘कुणीतरी खेड्यातली बाई’ होणार. हे तिने शिकून ओळखलेले नव्हते. ज्यांच्याकडे नेहमी वरून पाहिले जाते त्यांना पाहणाऱ्याची नजर केव्हा बदलते हे फार लवकर कळते. पाहणाऱ्याला ते कळायला शास्त्र शिकावे लागते, आणि कित्येकदा शिकूनही कळत नाही.

इरावतीबाईंचा मोठेपणा असा की त्यांनी त्या मुलीला गोड उत्तर देऊन प्रसंग मिटवला नाही. प्रश्न लागला, हे त्यांनी लिहिले. इतकी वर्षे शेजारी राहूनही आपण एकमेकांचे झालो नाही, हेही लिहिले. पण इथे माझी एक तक्रार आहे. ही कबुली ‘ते’ आणि ‘आम्ही’ अशा दोन ढिगांच्या भाषेत येते. एक मुलगी क्षणभर ढिगातून बाहेर येऊन, चेहरा वर करून, स्वतःचा प्रश्न विचारते. पुढच्याच वाक्यांत ती पुन्हा ‘त्यांच्यात’ मिसळते. आज तो लेख आठवणाऱ्या वाचकाला प्रश्न आठवतो, पण मुलगी आठवत नाही. तिचे गाव, तिची सासू, तिच्या डोक्यावर तुळशीवृंदावन होते की हंडा, काहीच आपल्या हाती लागत नाही. इतका प्रामाणिक लेख, त्यातही असे होते. मग आपल्या रोजच्या आठवणीत काय होत असेल!

दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ १९६४ साली आले, तेही या संदर्भात वाचावे. मोकाशी माळकरी म्हणून गेले नव्हते, पाहायला आणि ऐकायला गेले होते. त्यामुळे त्यांना माणसे पुष्कळ भेटतात. पण एका दिंडीत एका जागी रोज चालणाऱ्याला शेजारचा माणूस जसा कळतो, तसा तो फिरत्या पाहुण्याला कळणे कठीण.

मुलीने वर्तवलेली भीती पुढे तिकडे परदेशात मोजली गेली. १९७८ साली अमेरिकेत शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना काही माणसांची चर्चा ऐकवायची, बोलणाऱ्याचे चित्र दाखवायचे, आणि नंतर विचारायचे की अमुक सूचना कोणी केली. चर्चेत निम्मे गोरे, निम्मे काळे. ऐकणाऱ्यांच्या चुका झाल्याच, पण त्या कशाही झाल्या नाहीत. एका काळ्या माणसाचे बोलणे दुसऱ्या काळ्या माणसाच्या नावावर जायचे, गोऱ्याचे गोऱ्याच्या. काळ्याचे गोऱ्याच्या नावावर त्या मानाने कमी जायचे. म्हणजे ‘त्यांच्यातला कोणीतरी बोलला’ एवढे मनाने नेमके टिपून ठेवले होते. कोण बोलला ते सोडून दिले होते. बायका आणि पुरुषांच्या चर्चेतही तसेच. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. गटात एखादाच वेगळा असेल तर तो मात्र डोळ्यांत भरतो, त्याचे बोलणे असते त्याहून मोठे वाटते.

हे वाचल्यावर मला आपली संतमालिका आठवली. ती कशी म्हटली जाते ऐका. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखा महार. नामदेवांच्या मागेही पुष्कळदा शिंपी लागते. आता सांगा, ज्ञानोबारायांच्या मागे जात लावून कोणी बोलते का? नाथबाबांच्या मागे? तिथे नुसते नाव पुरते. म्हणजे काही संत आपल्या आठवणीत नावाने आले आहेत, आणि काही नावासोबत खण घेऊन आले आहेत.

यावर कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे, की संतांनी स्वतःच आपला धंदा लपवला नाही. खरे आहे. सावतोबांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला; माती, वाफे, पाणी हा त्यांच्या परमार्थाचा ऐवज आहे. सेनामहाराजांनी आपल्या हजामतीच्या हत्यारांतून विवेकाचे रूपक उभे केले. तिथे धंदा त्या माणसाच्या हातातला असतो, त्याच्या अनुभवाने तो उजळतो. आपण ‘माळी’, ‘न्हावी’ म्हणतो तेव्हा मात्र पुष्कळदा उलटा व्यवहार होतो: माणूस आठवायचे कष्ट वाचावेत म्हणून आपण जात आठवतो. शब्द तोच, पण कोण कशासाठी वापरतो यावर त्याचा अर्थ फिरतो.

कोण बोलले याची काळजी आपल्या संप्रदायाने फार घेतली, हेही सांगितले पाहिजे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते ती नुसती सही नव्हे, ती आठवणीला घातलेली गाठ आहे. लिहिता न येणारा माणूस अभंग पाठ करतो, दुसऱ्या गावाला नेतो, तिसऱ्याला शिकवतो. शब्द इकडेतिकडे होतात, पण बोलणाऱ्याचे नाव शेवटच्या चरणात बांधलेले असल्याने सुटत नाही. तुकोबारायांचे शब्द चोरून त्यावर आपली मुद्रा चढवणाऱ्या सालोमालोचा किस्सा आपल्याकडे तीनशे वर्षांहून अधिक काळ सांगितला जातो, यावरूनच मुद्रेची किंमत कळावी. आणि एवढे करूनही गोंधळ झालाच. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा मोठा कवी होऊन गेला, त्याने महाभारत मराठीत आणले. नावात नामा असल्याने त्याचे कितीतरी अभंग नामदेवरायांच्या गाथेत जाऊन बसले, ते वेगळे काढता काढता अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. मोठे नाव जवळ असले की लहान नाव त्यात विरघळते.

पण माझा रोख त्याहून नाजूक प्रकाराकडे आहे. गाथा उघडा आणि चोखोबांचे घर वाचा. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळाबाई, निर्मळाबाईंचे यजमान आणि सोयराबाईंचे बंधू बंका, आणि मुलगा कर्ममेळा. पाच माणसे, पाचही अभंगकर्ते. जगात किती घरे अशी दाखवता येतील? पण आपण त्यांचे काय केले? ‘चोखोबांचा परिवार’ असे एक गाठोडे बांधले. कीर्तनात प्रमाण घ्यायचे तर चोखोबांचे. बाकीच्यांचा उल्लेख झाला तर ‘त्यांच्या घरातही सर्व भक्त होते’ एवढ्यावर.

वेगवेगळे वाचले की कळते, हे आवाज एकसारखे मुळीच नाहीत. बंका शांत आहेत, संतसंगतीने निवलेले. निर्मळाबाईंची ओढ भावाकडे आहे, तोच त्यांचा गुरू. संसारातून सुटायची त्यांची घाई शब्दाशब्दांत जाणवते. सोयराबाई सरळ शास्त्राला भिडतात: विटाळ देहातच जन्मतो तर विटाळ नसलेला देह दाखवा कुठे आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि त्याला आजवर कोणी उत्तर दिलेले नाही. आणि कर्ममेळा? तो देवाशी भांडतो. आम्हाला असा जन्म देऊन, उष्ट्यावर वाढवून तुला काय मिळाले, असा जाब विचारतो. बापाच्या अभंगांत दुःख शरणागतीत विसावते. मुलगा ते विसावू देत नाही. एका छपराखाली बाप आणि मुलगा देवाशी दोन वेगळ्या स्वरांत बोलत होते, हे केवढे मोठे वाङ्मय आहे! पण आपल्या कानांना तो एकच स्वर ऐकू येतो, कारण आपण आधी ‘चोखोबांच्या घरचे’ ऐकतो, मग शब्द ऐकतो. किशोरीताई आमोणकरांनी गायलेला, सारा रंग एक होऊन गेल्याचा तो अभंग सोयराबाईंचा आहे. आपल्या दिंडीत दहाजणांना विचारून पाहा, किती जण त्यांचे नाव सांगतात.

सोयराबाईंची मुद्राही पाहण्यासारखी आहे. पुष्कळदा त्या स्वतःला चोख्याची महारी म्हणवतात. नवऱ्याचे नाव आणि जात, यांच्या मध्ये कुठेतरी त्या स्वतः. जनाबाई नामयाच्या. ज्या युगाने त्यांना दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारली नसती, त्या युगात ही ओळख त्यांनी अभंगात बांधून ठेवली, ती धिटाईच होती. आपण मात्र त्या ओळखीतले पहिले नाव तेवढे उचलले.

आता मंगळवेढे. दामाजीपंतांची कथा तुम्हाला तोंडपाठ आहे. दुष्काळ पडला, पंतांनी बेदरच्या बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले, शिक्षा ठरली, आणि विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात पैसे भरून पावती घेतली. ही कथा आपण देवाच्या कनवाळूपणाची म्हणून ऐकतो. ती तशी आहेच. पण एकदा दरबाराच्या बाजूने ऐका. दरबाराला काय दिसले? घोंगडी, काठी, थैली. गावकीचे काम करणारा, निरोप्या, रकमेसोबत आलेला माणूस. हा कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही, कारण पोशाखानेच उत्तर देऊन टाकले होते. भर दरबारात परब्रह्म उभे आहे आणि दरबाराला जात दिसते आहे! कथा रचणाऱ्याने इथे फार खोल जागी बोट ठेवले आहे. बादशहाला पुढे त्या रूपाचा वेध लागला असे कथा सांगते, पण वेध लागला तोवर विठू निघून गेला होता.

आता एक स्पष्ट बोलतो. काही कीर्तनांत विठूच्या तोंडी मुद्दाम हेल काढून विनोदी बोली घातली जाते, त्याच्या चालण्याची नक्कल होते, मंडपात हशा पिकतो. अशा वेळी श्रोते नकळत दरबारात जाऊन बसलेले असतात. ज्या नजरेची चूक कथा दाखवते आहे, तीच नजर ते कीर्तन श्रोत्यांना देते. महिपतीबुवांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला तेव्हापासून ही चरित्रे घरोघर वाचली जातात, आणि त्यांत भोळेपणा आहे अशी टीका शिकलेली माणसे करतात. भोळेपणा असेलही, पण दामाजीपंतांच्या कथेत जी धार आहे ती आपल्या सादरीकरणात बोथट होते, तो दोष कथेकडे देता येत नाही.

दुसरी कथा त्याच गावची, आणि ती मला जास्त छळते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. महारांना त्या कामाला लावले होते, त्यात चोखोबा होते. भिंत कोसळली. परंपरेने दिलेले साल १३३८. त्या ढिगाऱ्याखाली चोखोबांसोबत इतरही दगावले. पुढे नामदेवराय आले. हाडे सगळी एकमेकांत मिसळलेली. कोणाचे कोणते, सांगणार कोण? जिवंत असतानाही जगाने ज्यांच्यात फरक केला नव्हता, त्यांच्यात मेल्यावर तो कोण करणार? नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी धरले. ज्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ते चोखोबांचे. त्या अस्थी त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली.

सगळ्या संतवाङ्मयात माणूस ओळखण्याचा याहून मोठा प्रसंग मला ठाऊक नाही. जिथे सगळे सारखे दिसतात तिथे नामदेवरायांनी डोळे बाजूला ठेवले आणि कान लावला. मैत्री असेल तर ढिगातूनही माणूस निवडता येतो. ज्याचे बोलणे आपण जन्मभर ऐकले त्याची हाडेही आपल्याला बोललेली ऐकू येतात. कथेचा हा अर्थ मला फार प्रिय आहे. पण कथा तिथे संपली तरी प्रश्न संपत नाही. बाकीची हाडे कोणाची होती? त्यांनाही बायका होत्या, मुले होती, त्यांच्याही ओठांवर कधी विठ्ठल आला असेल. त्यांची नावे कथेत नाहीत, गाथेत नाहीत, कुठेच नाहीत.

आणि ज्यांना आपण निवडून आणले त्यांचे तरी काय केले? चोखोबा महाद्वारासमोर आले, पण त्यांच्या समाजाला महाद्वाराच्या आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी त्या वर्षी १ मे पासून पंढरपुरात उपोषण केले, ते १० मेपर्यंत चालले, तेव्हा मंदिर खुले झाले. १३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षे आपल्या पूर्वजांनी चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवले, आणि त्यांच्याच भाऊबंदांना बाहेर उभे केले. हे दोन्ही एकाच दारात, एकाच आषाढीला, एकाच माणसाकडून कसे घडू शकले? टेलरबाईंच्या प्रयोगातला तो डोळ्यांत भरणारा एकटा माणूस आठवा. गटातला एक वेगळा काढला, त्याला संत म्हटले, थोर म्हटले, की बाकीच्यांविषयीचे मत बदलण्याची गरज उरत नाही. ‘चोखोबांची गोष्टच वेगळी’ या वाक्यात भक्तीही आहे आणि पळवाटही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालचा आपला अस्पृश्यांवरचा इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. तिथे चोखोबा अपवाद म्हणून येत नाहीत, आपल्या माणसांमधले एक म्हणून येतात. आपण त्यांचे स्मरण करतो ते कोणत्या रीतीने, हे ज्याने त्याने तपासावे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे जुने झाले. आता वारीत कोणी जात विचारत नाही, सगळे एकमेकांना माउली म्हणतात. म्हणतात, आणि ते ऐकायला गोड आहे. पण ‘माउली’ या हाकेचीही एक गंमत आहे. सगळेच माउली झाले की कोणाचेच नाव विचारावे लागत नाही. वीस दिवस शेजारी चाललेल्या माणसाविषयी विचारले तर आपण सांगतो, ते साताऱ्याकडचे माउली, ते पाय दुखायचे ते. पूर्वी जातीच्या खणात माणूस हरवत होता, आता माउलीच्या खणात हरवतो. दुसरा खण पहिल्यापेक्षा कितीतरी बरा, यात शंका नाही. तरी माणूस हरवतोच.

वारीची व्यवस्थाही गटाची आहे, ती तशीच असायला हवी, नाहीतर एवढा समुदाय चालणार कसा! ज्ञानोबारायांच्या रथापुढे २७ दिंड्या, रथामागे कितीतरी, प्रत्येकीला क्रमांक. समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. किती सुंदर रीत आहे ही! हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. पण टाळ वाजतो तो दिंडीचा. एखाद्या एकट्या म्हातारीचे काही दुखत असेल तर तिचे दुखणे आधी शेजारणीला कळावे लागते, शेजारणीकडून विणेकऱ्याला, तेव्हा कुठे टाळ वाजणार. म्हणजे सगळे येऊन थांबते ते शेजारच्या माणसाशी आपली ओळख किती, यावर.

आपल्या सांगोल्यावरून मिरज-सांगली, कोल्हापूरकडच्या आणि कर्नाटकातल्या दिंड्या पंढरीला जातात. कानडी बोलणारे वारकरी इथे मुक्कामाला उतरतात तेव्हा गावकरी मनापासून सेवा करतात, भाकरी-पिठल्यात कुठे कमी पडू देत नाहीत. पण त्यांच्याविषयी बोलताना? ‘कानडी दिंडी आली होती’, एवढेच. दरवर्षी त्याच ओसरीवर उतरणाऱ्या म्हाताऱ्याचे नाव घरातल्या किती जणांना माहीत असते? भाषा येत नाही हे खरे. पण नाव विचारायला भाषा लागत नाही, छातीवर हात ठेवून आपले नाव सांगितले की समोरचाही सांगतो. त्यांची नावे बसप्पा, मल्लव्वा अशी आपल्या कानाला सवय नसलेली असतात म्हणून ती आपल्याला सारखी वाटतात, आणि सारखी वाटतात म्हणून लक्षात राहत नाहीत. तिकडे त्यांच्या गावी आपली नावेही तशीच सारखी वाटत असतील.

दिंडीची वही हा माझ्या मते आपल्या संप्रदायाचा दुर्लक्षित ग्रंथ आहे. भिशी कोणी किती भरली, तंबूत कोण कुठे झोपणार, एवढ्यापुरती ती लिहिली जाते आणि वारी संपली की फडताळात जाते. ती एकदा काढून वाचा. पुरुषांची नावे बहुधा आडनावासकट असतील. बायकांच्या नोंदी पाहा: अमक्याची आई, तमक्याच्या मंडळी, पाटलांकडच्या दोघी. सोयराबाईंनी निदान मुद्रेत आपला अभंग तरी बांधला होता. या नोंदींतल्या बायकांनी वाटेवर गायलेल्या गौळणी, जात्यावरच्या ओव्या, कुणाच्या तोंडून काय आले, त्याची कुठे मुद्रा नाही. दरवर्षी येणारी एखादी आजी एका वर्षी येत नाही. तेव्हा वहीत तिच्या जागी नुसती रेघ मारली जाते, आणि पुढच्या आषाढीत कुणी विचारले की त्या गोड गळ्याच्या आजी कुठल्या हो, तर विणेकरी वही उलटी-सुलटी चाळतात, आणि सापडते ते ‘जवळ्याच्या मंडळी, चार’.

कार्तिकीला अजून अवकाश आहे. वही घरातच असेल.